सातव्या महिन्यापासून अर्धी भाकर

हृदयात स्टेंट बसवून महिना झाला तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी मला पुन्हा तपासायला बोलावलं. मी सत्तेचाळीसची. तंबाखू नाही, मिश्री नाही, घरात कुणाला हृदयाचा त्रास नाही. मग मलाच का, हे विचारून विचारून मी त्यांचं डोकं खाल्लं होतं. सोबत आई होती, चोपड्याहून आलेली, आणि धुळ्याला शिकणारी माझी लेक सुट्टी काढून आली होती.

डॉक्टरांनी आईला विचारलं, ही जन्मली तेव्हा वजन किती होतं. आई खुलली. दोन किलोलाही कमी, म्हणाली. नर्सबाईंनी तिसऱ्या दिवशी घरी येऊन झोळीत घालून मोजलं होतं. मग सगळी कथाच सुरू झाली. सातवा लागला तशी तिची भाकर अर्धी झाली, नववा लागला तशी चतकोर. पोर पोटात फार वाढलं तर बाहेर कसं येणार? घराला लागून केळीची बाग, पण घरच्यांनी केळं तोंडाला लावू दिलं नाही. तास-दोन तासांत मोकळी झाले, हे तिने असं सांगितलं की जणू आता बक्षीसच मिळणार.

डॉक्टर सज्जन माणूस. पोटात कमी वाढलेल्या मुलांना मोठेपणी हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जरा जास्त असते, हे त्यांनी सावकाश समजावलं. हेच एक कारण नसतं, असंही म्हणाले. ते आईने ऐकलंच नाही. तिचा चेहरा उतरला. मला डॉक्टरांचा असा राग आला म्हणता! काय गरज होती सांगायची? सत्तरीच्या बाईने आता मागे जाऊन उरलेली भाकर खायची का?

तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, माझं वजन किती होतं गं?"

झालं. मला तिच्याकडे बघवेना. मी मेली बीएस्सी झालेली, शाळेत पोरांना आहार शिकवणारी. पण बाळंतपणाला माहेरी गेले आणि सिझर होईल या भीतीने पार गळून गेले. आईने अर्धी भाकर वाढली, ती मुकाट खाल्ली. आणखी मागितली असती तर तिने दिलीही असती. मीच मागितली नाही. पोटात आग पडली की पाणी प्यायचे आणि कूस बदलायचे.

"दोन किलो," मी म्हणाले. "दिवस पूर्ण भरले होते."

लेक भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. बावीस वर्षांची, रोज बॅडमिंटन खेळणारी पोर. तिने अगदी शहाण्यासारखं डॉक्टरांना विचारलं, मग मी आता काय करायचं. वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासायची, वजन वाढू द्यायचं नाही, ते म्हणाले. झालं ते आता बदलता येत नाही. मला तर मघाशीच आठ किलो उतरवायला सांगितलं होतं.

आई पदर सावरत खुर्चीच्या टोकाशी सरकली.

"डाक्टरभाऊ, आते मी या दोन्हीसले पोटभर खावाडं तर बठ्ठं बरोबर व्हई का?"

आता आम्हा दोघींना पोटभर खाऊ घातलं तर सगळं ठीक होईल का, असं ती विचारत होती; नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगायचं की मी, तेच आमचं ठरेना.