पुनवेचं पांढरं लुगडं

इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत पौर्णिमा कधी आहे हे बघायला कुणी कॅलेंडर उघडत नसे. दुपारी चारला नळावर बायजाबाई हंडा लावायची, कान टवकारायची आणि बाकीच्या बायांना सांगून टाकायची, "आज पुनव आहे वं. जयवंताचा आवाज चढला."

आणि ते खरं निघायचं. महिन्याचे इतर सगळे दिवस जयवंताबाई ही गल्लीतली सगळ्यांत कामाची बाई. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचे पापड लाटायचे असोत, ती पदर खोचून हजर. पौर्णिमेला मात्र ती अष्टशील घ्यायची. पहाटे आंघोळ, पांढरं लुगडं, विहारात वंदना. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही, खाटेवर बसणं नाही, गाणंबजावणं नाही. चार वाजायला लागले की पोटात आग पडायची, आणि ती आग तोंडावाटे बाहेर यायची. नवरा रुपराव कापडगिरणीत कामाला. तो पौर्णिमेच्या दिवशी दुसऱ्याची पाळी मागून घ्यायचा, असं गल्लीत हसून बोललं जाई. रुपरावनं ते कधी खोडून काढलं नाही.

तिची श्रद्धा मात्र दिखाऊ नव्हती. छप्पन साली सहा वर्षांच्या लेकाला, चंद्रभानला, बोटाशी धरून ती दीक्षेला गेली होती. घरी येऊन तिनं देव्हारा रिकामा केला, भिंत सारवली, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. तेव्हापासून एक दिवस असा गेला नाही की चूल आधी पेटली आणि मेणबत्ती नंतर. सकाळचा तो अर्धा तास तिला काय द्यायचा, हे तिला नेमकं सांगता येत नसे. "डोक्यावरून न्हाल्यासारखं वाटते," एवढंच ती म्हणायची. चार-पाच वर्षांपूर्वी भंतेजींनी बायांना अष्टशील समजावून दिलं, तेव्हा सर्वांत आधी हात जोडले ते जयवंताबाईनं. तेव्हापासून तिची एकही पौर्णिमा चुकली नव्हती.

आता शीलं तर आठच. पण जयवंताबाईच्या घरात ती हळूहळू वाढत गेली. आधी पांढऱ्या लुगड्यासाठी वेगळी पेटी आली. मग ते वाळत घालायला वेगळी दोरी. मग त्या दिवसापुरता वेगळा लोटा. घरात सून आली, सत्यवती, सावनेरची. अबोल पण चटपटीत पोरगी. तिला पहिल्याच पौर्णिमेला सूचना मिळाल्या: लुगड्याला हात लावायचा नाही, चटईवर पाय पडू द्यायचा नाही, आणि पाणी द्यायचं ते वरूनच ओतायचं, भांड्याला भांडं लागता कामा नये.

"हे भंतेजींनी सांगितलं का, आत्याबाई?" सत्यवतीनं एकदा साधेपणानं विचारलं.

"सारं सांगा लागते का? आपल्याले कळाले नाही पाहिजे?" जयवंताबाई म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

पंचाहत्तर सालची ज्येष्ठ पौर्णिमा. ऊन अजून उतरलं नव्हतं. नात विशाखा दोन वर्षांची. तिच्यासाठी चंद्रभाननं सीताबर्डीवरून लाल फ्रॉक आणला होता. सत्यवतीनं तो मोरीतल्या पत्र्याच्या टोपल्यात पाणी घेऊन भिजवला. विहारातून येऊन जयवंताबाईनं घामानं चिंब झालेलं एक लुगडं सोडलं, दुसरं नेसलं. सोडलेलं तिनं स्वतःच मोरीत टाकलं, नेमकं त्याच टोपल्यात, आणि विसरली. चार वाजता धुवायला बसली तर लुगड्याचा अर्धा पदर गुलाबी.

मग जे झालं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. सत्यवती दारात उभी, कडेवर पोर. जयवंताबाई मोरीवरून बोलत होती, थांबतच नव्हती. कामचुकारपणा झाला, माहेरचं वळण झालं, आणि शेवटी तिच्या तोंडून निघालं, "बाप जन्मभर कोळशात लोळला, त्याच्या पोरीले पांढऱ्याची काय कदर राहील!"

सत्यवतीचे वडील मार्तंडराव सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते, हे नळावरच्या साऱ्या बायांना ठाऊक होतं.

सत्यवती रडली नाही. तिनं पोरीला खाली ठेवलं, हात धुतले, सासूच्या लोट्यात वरून पाणी ओतलं, भांड्याला भांडं लागू न देता. मग म्हणाली, "मी घरात नसली तर तुमचं शील बरोबर राहील, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरीला घेऊन सावनेरला निघून गेली. चंद्रभान दर रविवारी जायचा आणि एकटाच परतायचा. "येतो म्हणते का?" रुपराव विचारायचा. चंद्रभान चपला काढता काढता म्हणायचा, "काहीच नाही म्हणत. हसते, जेवाले वाढते, अन् गाडीच्या टायमाले पोरीले झोपवते." घरात पाळणा रिकामा, दोरीवर एकही लहान कपडा नाही. जयवंताबाई दोन माणसांना वाढून सुनेच्या रिकाम्या ताटाकडे बघत बसायची. सून कायमची गेली तर? नात तिला ओळखणार नाही, आणि पोरगा तोंडानं काही न बोलता आयुष्यभर तिच्याकडे असाच बघेल. हे तिला कळत होतं. पण चूक कुणाची, हे विचारलं असतं तर तिनं अजूनही लाल फ्रॉकचंच नाव घेतलं असतं.

आषाढ पौर्णिमा आली. वर्षावासाचा, म्हणजे भंतेजींच्या पावसाळाभर एकाच विहारातल्या मुक्कामाचा, पहिला दिवस, विहार भरलेला. जयवंताबाईनं गुलाबी डागाचा पदर आतल्या बाजूला घेतला होता. वंदना झाली. निघताना भंतेजींनी सहज विचारलं, "सूनबाई दिसत नाहीत?"

"पोरीले बरं नाही, भंते. माहेरी आहे," जयवंताबाई म्हणाली.

"लवकर बरी होवो," भंतेजी म्हणाले आणि पुढच्या बाईकडे वळले.

ती पायऱ्या उतरली, चपला घातल्या, पानठेल्यापर्यंत आली आणि थबकली. खोटं बोलणार नाही, असं भंतेजींच्या मागोमाग म्हणून अर्धा तासही झाला नव्हता. तेच पांढरं लुगडं अंगावर होतं. ज्या तोंडानं शील घेतलं त्याच तोंडानं, त्याच विहारात, तिनं धडधडीत पोरीचं आजारपण रचलं होतं. आणि जीभ जराही अडखळली नव्हती.

घरी आली. रुपरावची पाळी दुपारची होती, तो भाकरी खाऊन बसला होता. ती चटईवर बसली, लोटा पुढे केला. रुपरावनं माठातून पाणी काढलं आणि अगदी सुनेसारखंच वरून धार सोडली.

"तुम्ही काहून वरून ओतून राहिले?"

"नेम आहे ना तुहा," रुपराव म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर ते बोलणं लागलं. "आता बरं आहे. घरात कोणीच शिवत नाही तुले."

शिवत नाही. ती लोट्यात पडणाऱ्या धारेकडे बघत राहिली. कळमेश्वरकडच्या तिच्या गावची विहीर तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आठ वर्षांची ती, डोक्यावर घागर, काठापासून दहा पावलं खाली. कुणाला दया येईस्तोवर उभं राहायचं. मग वरून कुणी बाई ओतायची, हात लांब करून, भांड्याला भांडं लागू न देता. अर्धं पाणी खांद्यावर सांडायचं. तरी आई म्हणायची, पाया पड. त्या विहिरीपासून ती इतक्या लांब आली होती. आणि येताना ती विहीर पदरात बांधून आणली होती. आता स्वतःच काठावर उभी होती, आणि खाली सत्यवती.

लोटा तिच्या हातातून खाली ठेवला गेला. "इतवारीहून सावनेरची गाडी कितीची आहे?" तिनं विचारलं.

"आज? पुनवेची? बारानंतर जेवणार नाही तू, अन्..."

"आता दोन घास खाऊन घेतो. बारा वाजाले अजून टाईम आहे."

छोट्या लाईनीची, अरुंद रुळांवरची ती गाडी धापा टाकत चालायची. खिडकीजवळ जागा मिळाली. दर वळणावर इंजिनाचा धूर डब्यात शिरायचा, कोळशाचे बारीक कण उडून अंगावर बसायचे. पहिले दोन-तीन तिनं झटकले. झटकले की काळी रेघ उमटायची. मग तिनं झटकणं सोडलं. समोरची एक म्हातारी म्हणाली, "पांढरं नेसून या गाडीत काहून बसली वं माय?" जयवंताबाईला हसू आलं. त्या महिन्यातलं ते पहिलं हसू.

सावनेरला घर शोधत पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मार्तंडराव नुकतेच पाळीवरून आले होते. तोंड, मान, कोपरापर्यंत हात सगळं काळं, फक्त डोळे आणि दात तेवढे पांढरे. तिला बघताच ते हरखले आणि लगेच दोन पावलं मागं सरले, भिंतीला चिकटून उभे राहिले.

"या या, ईनबाई! जरा त्या बाजूनं या. आज पुनव, तुमचं शील राहते. सत्यवती सांगे मले. माह्या अंगाले कोळसा आहे."

म्हणजे सत्यवतीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. बापाबद्दलचं ते वाक्य एक महिना तिनं एकटीनं गिळून ठेवलं होतं, आणि सासूच्या शीलाचं मात्र कौतुक सांगितलं होतं. आणि हा माणूस, जन्मभर जमिनीच्या पोटात राबलेला, स्वतःच्याच अंगणात तिच्या लुगड्यासाठी भिंतीला चिकटून उभा होता.

तिला वाटलं, इथंच पाय धरावे आणि सगळं सांगून टाकावं. तेवढ्यात दारात सत्यवती दिसली. तिनं सासूकडे पाहिलं आणि मान इतकीच हलवली की दुसऱ्या कुणाला कळू नये. नका सांगू. जयवंताबाईला उमगलं. सांगितलं तर आपलं ओझं उतरेल आणि ते या माणसाच्या खांद्यावर जाईल. तिनं ओठ मिटले. नुसतं म्हणाली, "माहं लुगडं पाहा, याहीबुवा. गाडीनं आधीच तुमच्या रंगात घालून आणलं. तुम्ही काहून सरता?" आणि त्यांच्या अगदी जवळून, बाही घासत, आत गेली.

मार्तंडराव मोठ्यानं हसले. "खाणीत भरती करून घ्या लागते तुम्हाले!"

चुलीजवळ दोघीच होत्या. जयवंताबाई रोज सकाळी वंदनेत म्हणायची: तिन्ही दारांनी, कायेनं, वाचेनं, मनानं घडलेल्या अपराधाची क्षमा असावी. एकोणीस वर्षं तसबिरीला म्हणत आली होती. तेच आज माणसाला म्हणायला जीभ जड झाली.

"सत्यवती, मी तुह्या बापाले बोल लावला. तुले शिवू दिलं नाही. टोपल्यात लुगडं मीच टाकलं होतं. मले माफ कर."

सत्यवतीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "आत्याबाई, आता तुम्ही आल्या तर बोलून राहिल्या. पुनवेले चार वाजता काय होते ते मले माहीत आहे."

"मग?"

"मी आज येत नाही. पुढच्या पुनवेले येईन, सकाळीच. चार वाजेस्तोवर राहीन. मग पाहू."

जयवंताबाईला राग आला. आलेला तिला स्पष्ट दिसलाही, पोटातून वर सरकताना. परीक्षा घेते माझी! तिनं तो तसाच वर येऊ दिला आणि तोंडाशी आल्यावर गिळला. "ये," ती म्हणाली.

श्रावण पौर्णिमेला चंद्रभान मायलेकींना घेऊन आला. सत्यवतीच्या हातात छोटीच पिशवी होती, दिवसभरापुरती. जयवंताबाईनं वेगळी दोरी काढून टाकली होती. लोटा इतर भांड्यांत मिसळला होता. बारा वाजले, ती जेवून उठली. तीन वाजले. चारला विशाखा गुळाचा खडा चोखत आली, आजीच्या मांडीवर चढली आणि दोन्ही चिकट हातांनी पांढरा पदर मुठीत धरून तोंड पुसलं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. सत्यवती ऐकत होती.

जयवंताबाईच्या पोटात आग होती, नेहमीसारखीच. शब्दही तयार होता, नेहमीचाच. तिनं एक श्वास घेतला, मग दुसरा. मग पदराच्या कोरड्या टोकानं पोरीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "आजीले नाही देत का वं गूळ? बरं, नको देऊ. बारा वाजून गेले माहे."

थोड्या वेळानं सत्यवती पाणी घेऊन आली. लोटा तिनं सरळ सासूच्या हातात दिला, बोटांना बोटं लागली. मग तिनं पिशवी उचलली आणि खुंटीला अडकवून ठेवली.

संध्याकाळी बायजाबाई दारात डोकावली. "जयवंता, मी चार वाजेपासून बुचकळ्यात आहे वं. आज पुनव आहे का उद्या?"