राजपुत्राच्या पोहण्याला अख्खा दरबार

नातीला पोहण्याचा क्लास सोडायचा होता. का, ते फक्त मला ठाऊक. येत्या शनिवारी खोल पाण्यात जायचं होतं, आणि काठ सोडायला ती जाम घाबरत होती. बापाला सांगायची सोय नाही. माझा लेक म्हणजे धरलेलं सोडायचं नाही, या मताचा. एवढ्याशा पोरीला पोहणं, व्हायोलिन, जादा गणितं, शिवाय रविवारी मराठीचा वर्ग! मी म्हणायचे, "अरे, श्वास कधी घ्यायचा तिनं?" तर म्हणे, "आई, इथली कॉम्पिटिशन तुला नाही कळायची."

ही एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मी परदेशात, श्रूजबरीला लेकाकडे राहायला गेले होते. तर त्या रविवारी त्यानं मराठीच्या वर्गाला दांडी मारून आम्हाला म्युझियमला नेलं. तिथे भिंतीएवढाले विणलेले पडदे टांगलेले, कुठल्याशा राजघराण्यासाठी पूर्वी केलेले. टॅपेस्ट्री म्हणतात. गोष्ट अशी, की राजा वारलाय आणि राणी लहानग्या राजपुत्राला शिकवून तयार करतेय. एका पडद्यावर तो घोड्यावर, दुसऱ्यावर गुरुजींपुढे, तिसऱ्यावर नदीत पोहतोय. मला आपली काळजी, एवढे जाड पडदे धूत कसे असतील? सुनेला विचारलं तर म्हणाली, "आई, हळू बोला!"

लेकाला मात्र कीर्तनाला विषय मिळाला.

"बघ! राजाचा मुलगा, हाताखाली नोकरचाकर, तरी पोहायला शिकतोय. क्लास कॅन्सल करा म्हणाला का?"

नात मान वर करून बराच वेळ बघत राहिली. आम्हाला वाटलं, लागू पडलं औषध.

"बाबा, लुक. हिज मॉम इज राइट देअर. आणि टीचर. आणि हा टॉवेलवाला." खरंच, काठावर एक जण कापड धरून उभा होता. "यू ड्रॉप मी आणि दूध आणायला जातोस."

"अगं, दूध लागतंच ना घरात!"

"राणी नाही गेली दुधाला," मी म्हटलं. सून इतकी हसली, की पहारेकरी वळून बघायला लागला.

परतताना गाडीत लेकानं आरशातून नातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "भीती वाटते का तुला?"

मागून उत्तर आलं, "अ लिटल."

"मग मी थांबेन."

तो एकटाच थांबणार होता. पण आमच्याकडे मॅट्रिकच्या पेपराला पोरामागे अर्धं घर जातं, डबा-पाणी घेऊन झाडाखाली बसतं. शनिवारी आम्ही सगळेच गेलो. लेक टॉवेल धरून, सून थर्मास घेऊन, मी लाडवांचा डबा घेऊन. शिकवणारी बाई गोंधळली. म्हणाली, आज शर्यत नाहीये हं, रोजचाच क्लास आहे.

नात काठाला चिकटलेली. एकदा बापाकडे बघे, एकदा पाण्याकडे. मला राहवेना. ओरडले, "हात मार गं बाई, हात मार!" सगळा तलाव घुमला. बाकीची पोरं खिदळायला लागली. सून म्हणतेय, "आई, आई!" लेक म्हणतोय, "कम ऑन, बेटा!" पोरीचं तोंड लालबुंद. आमच्यापासून लांब जायचं तर पाण्यातूनच जायला हवं होतं. सोडला तिनं काठ! हातपाय झाडत पोचली की पलीकडे. तिथून किंचाळली, "आजी, स्टॉप!"

लेक टॉवेल घेऊन वळसा घालून तिच्याकडे धावत सुटला. लगेच शिट्टी वाजली. काठावरून पळायला मनाई आहे म्हणे.