उशीसकट माप

हेडसाहेबांना निवृत्त होऊन सात महिने झाले होते, पण घरातल्या फुलपात्रापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांनी त्यांना हेडसाहेबच मानावं, हा त्यांचा आग्रह काही निवृत्त झाला नव्हता. छत्तीस वर्षं या गृहस्थांनी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांखाली 'पाहिले' असं लिहून सही केली. न वाचता. एवढ्या पुण्याईवर माणसाला आपण सर्वज्ञ आहोत असं वाटू लागलं, तर त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष!

निरोपाच्या दिवशी ऑफिसातून त्यांनी तीन प्रतींत अर्ज करून तीन वस्तू घरी आणल्या: आपली खुर्ची, मोडक्या टेबलाची शिसवी फळी आणि दारावरची पितळी पाटी. आणि वाचनालयातल्या मित्रांपुढं दवंडी पिटली, की आता रोज सकाळी स्वतःच्या होडीत बसून नदीवर गळ टाकायचा. एकदा नव्हे, सहादा सांगून झालं. होडी मात्र सासऱ्यांची होती.

सासरा पन्नास वर्षं होड्या बांधत आला होता. आता गुडघे गेले, गिऱ्हाईक गेलं, शेडमध्ये शेवटची एक छोटी होडी तेवढी उरली. दोन मुली, दोन जावई. म्हाताऱ्यानं दोघांना बोलावलं आणि म्हणाला, "ज्यानं स्वतःच्या हातानं केलेलं वल्हं हिला चालेल, त्याची होडी. महिनाभरानं या. नदीतल्या त्या खुंटाला वळसा घालून परत यायचं. दांड्याचं माप पाण्यापासून नाकापर्यंत. बाकी तुमचं तुम्ही बघा."

धाकटा जावई शिंपी. त्याच्याकडे बघून हेडसाहेबांना हसू आवरेना. ज्या माणसाचं आयुष्य दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात गेलं, तो वल्हं करणार! "साडूभाऊ, बटणं किती लावणार वल्ह्याला?" त्यांनी विचारलं. शिंपी म्हणाला, "साहेब, लागतील तेवढी." आणि गळ्यातली टेप काढून सरळ नदीकडे गेला. होडी पाण्यात लोटली, तीत पाच मिनिटं अंग सैल सोडून बसला आणि मग हात खाली सोडून पाण्यापासून नाकापर्यंत टेप लावली. मेहुणीनं, म्हणजे हेडसाहेबांच्या बायकोनं, विचारलं, तर म्हणाला, "उभ्या गिऱ्हाइकाचं माप घेऊन विजार शिवली, की पहिल्यांदा खाली बसताना ती मागं उसवते. मी एकदाच शिकलो."

हेडसाहेब असल्या चिखलात जाणारे नव्हते. घरी येऊन त्यांनी खुर्ची दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली. तिच्यावर दोन उशा. त्याशिवाय त्यांना विचार सुचत नसे. मग फरशी म्हणजे पाणी, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे झालं! बायकोच्या हाती पट्टी दिली आणि मान ताठ करून, छातीत हवा भरून बसले. जणू फोटो काढायचा होता.

"अहो, होडीतली बसायची फळी पाण्यापासून घोटाभर वर असते," बायको म्हणाली. ती त्याच शेडमध्ये लाकडाच्या भुशात लोळून मोठी झाली होती. "ही खुर्ची गुडघ्याएवढी, वर या उशा."

"अगं, माप म्हणजे माप. तू आकडा लिही."

तिनं लिहिला. खाली 'पाहिले' मात्र त्यांचं त्यांनीच लिहिलं.

पुढचा महिनाभर शेजाऱ्यांनी दुपारची झोप विसरावी अशी खरखर चालली. टेबलाची ती शिसवी फळी करवतीला दाद देईना, रंधा अडे, हाताला फोड आले. एक गोष्ट कबूल केली पाहिजे: माणूस राबला. जन्मात पहिल्यांदा. पण मग व्हार्निश! एक हात दिला, चमकलं. दुसरा दिला, चेहरा दिसू लागला. स्वतःचा चेहरा दिसल्यावर हा माणूस थांबतोय कुठला? सात हात झाले, मुठीवरही सात. आणि मुठीच्या माथ्यावर, जिथं तळवा टेकतो नेमक्या तिथं, दोन स्क्रूंनी ती पितळी पाटी बसवली.

"ही कशाला?" बायकोनं विचारलं.

"कोणाचं आहे ते कळायला नको?"

"बघणाऱ्याला लगेच कळेल," बायको म्हणाली.

ठरल्या रविवारी दोघे साडू काठावर आले. शिंप्याचं वल्हं म्हणजे पांढुरकं, हलकं, पातं जरासं तिरकंच. मूठ नुसती घासलेली, वर तेल पुसलेलं. हेडसाहेबांनी ते दोन बोटांत धरून मेल्या उंदरासारखं परत केलं. थोरला जावई म्हणून पहिला मान त्यांचा. होडीत बसले. वल्हं उभं धरलं, तर मूठ डोक्याच्या वर वीतभर! शाळेत हात वर करून परवानगी मागणाऱ्या पोरासारखे ते दिसू लागले.

पहिला हात मारला. जड पातं खोल गेलं आणि वर येईना. जोर लावला, तशी होडी जागच्या जागी फिरली. दुसऱ्या हाताला आणखी फिरली. खुंट डावीकडून उजवीकडे गेला, काठ आला, पुन्हा खुंट आला. "जावईबापू," काठावरून म्हातारा ओरडला, "खुंटाला वळसा घालायचा, स्वतःला नव्हे!" तिसऱ्या हाताला पाटीचा स्क्रू तळव्यात घुसला, दुसरा हात व्हार्निशवरून सटकला आणि वल्हं पाण्यात गेलं. इतकी वर्षं साहेबांच्या कोपरांचं वजन पेलणारं ते लाकूड, तरी तरंगलं बिचारं. अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती. इथं अंगण सपाट होतं आणि वाहत होतं. साहेब दोन्ही तळव्यांनी पाणी मागं ढकलत काठाला लागले.

शिंप्यानं आधी वाहतं वल्हं दोरीच्या फासानं ओढून आणलं, पुसलं, साहेबांच्या हाती दिलं. मग होडीत बसला, खुंटाला वळसा घालून परत आला. फार सुंदर नाही, पण आला. म्हाताऱ्यानं होडीची दोरी त्याच्या हाती दिली.

"मामा, आज पाण्याची पातळी फार खाली होती," हेडसाहेब म्हणाले.

"पाणी होतं तिथंच होतं, जावईबापू. तुम्ही उशीवर होता."

आता ते वल्हं दिवाणखान्यात भिंतीला टेकून असतं. आल्यागेल्याला साहेब त्यात त्याचा चेहरा दाखवतात आणि नदीचा तळ कसा सदोष आहे, ते समजावतात. वाचनालयात हल्ली गळाचा विषय निघाला, की त्यांना वर्तमानपत्रात अचानक काहीतरी महत्त्वाचं दिसतं. दर रविवारी दोघी बहिणी होडीतून फिरून येतात. बायको ओल्या पायांनी घरात शिरते, साहेबांना उठवते आणि खुर्चीवरच्या दोन्ही उशा अंगणात नेऊन त्याच वल्ह्यानं बदडून काढते. त्या कामाला त्याची लांबी अगदी बरोबर आहे.