आरशाला सरावलेली मान

सलूनवाल्याची खोली त्याच्याआधी जागी होऊ लागली, त्याला पंधरा दिवस झाले होते. तो उजव्या कुशीवर वळला की कपाट निघायचं, कपाटामागून खिडकी, खिडकीमागून पडदा, सगळं संथ पाण्यातल्या पानांसारखं गोल. अर्धा मिनिट. मग जो तो आपापल्या जागी. भीती वाटायची, पण खोटं कशाला बोला, थोडी गंमतही वाटायची.

गंमत दुकानाच्या दारात संपायची. तिथे समोरासमोर आरसे. मान वर केली की खुर्च्यांची न संपणारी रांग डुलायला लागे. एकदा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना आरसा असा हलला, आणि त्या दिवसापासून वस्तरा खणात गेला. केस काय, कुठेही कापून मिळतात. सव्वीस वर्षं लोक त्याच्याकडे यायचे ते दाढीसाठी. आता ते शेजारच्या गल्लीत जाऊ लागले होते.

उपाय फोनवर होता. एक पिळदार तरुण गादीवर बसून सांगायचा, ‘चक्कर तीन मिनिटांत गायब!’ मान वळवा, आडवे व्हा, मान दुसरीकडे, कुशीवर या, उठा. चक्कर कानातून येते की आणखी कुठून, कानातून असेल तर कोणत्या, यावर अवाक्षर नाही. सलूनवाला फोन समोर उभा करून इमानेइतबारे दिवसातून तीनदा तसं करायचा.

‘‘अहो, डॉक्टरकडे चला,’’ बायको म्हणाली.

‘‘याला तेवीस लाख लोक बघतात.’’

‘‘बघतात ना. बरे किती झाले?’’

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं आणि त्या त्याच्या डोळ्यांत पाहत राहिल्या. बुबुळं आपोआप झटके देत होती. छत भिंगरीसारखं सुटलं. डावीकडे करून पाहिलं, तर काहीच नाही.

‘‘उजवा कान. आतले बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत शिरलेत. तुमचा तो व्यायाम दाखवा बरं.’’

त्याने फोन टेकवून लावला. तरुणाने मान वळवली. सलूनवाल्याने डावीकडे वळवली.

‘‘थांबा. तो स्वतःच्या उजवीकडे वळलाय.’’

सलूनवाला फोनच्या पडद्याकडे बघतच राहिला. उभा जन्म त्याने समोरचा चेहरा आरशात पाहिला होता. आरशातला ज्या अंगाला झुकतो, त्याच अंगाला आपणही झुकतो, हे हाताला ठाऊक होतं, तसंच मानेलाही.

‘‘म्हणजे इतके दिवस मी...’’

‘‘चांगल्या कानाची सेवा केलीत.’’

‘‘पण त्या मेल्याने आधी कोणता कान ते विचारायला नको?’’ सोबत आलेली बायको म्हणाली.

बाईंनी त्याची मान हातात घेतली. प्रत्येक वळणावर थांबायचं, खोली फिरू द्यायची, ती दमली की पुढचं वळण. शेवटी भिंत, तक्ता, खिडकी एकेक करून किनाऱ्याला लागली. ‘‘पुन्हा होऊ शकतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘झालं तर इकडे या. आणि दोन दिवस वस्तरा बंद.’’

तिसऱ्या दिवशी पहाटे तो मुद्दाम उजव्या कुशीवर वळला. कपाट जागचं हललं नाही. आणखी थोडा वेळ तो वाट बघत पडून राहिला.

दुकानात पहिला आला तो शेजारचा कापडवाला, आठवड्याची दाढी घेऊन.

‘‘चक्कर नक्की गेली का रे? मला तीन लेकरं आहेत.’’

‘‘बोलू नका, गाल हलतो,’’ सलूनवाला म्हणाला, आणि वस्तरा कानाखालून हनुवटीपर्यंत एका दमात उतरला.