कोऱ्या पाण्याचा डाग

पाणी हलवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, असं मी म्हणते तेव्हा घरचे हसतात. पण ते खरंच आहे. रायपूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथं कारखान्यांच्या आसपासचं पाणी तपासायला येतं. बोअरिंगचं, तलावाचं, नाल्याचं. कोळसा, डिझेल, लाकूड अर्धवट जळलं की विषारी संयुगं तयार होतात. पाण्यात ती इतकी कमी असतात की आधी बाहेर काढून गोळा करावी लागतात. त्यासाठी लिटरभर पाणी मोठ्या काचेच्या नरसाळ्यात ओतायचं, त्यात द्रावक घालायचा, बूच घट्ट धरून दणादण हलवायचं, मधेमधे तोटी उघडून कोंडलेली वाफ सोडायची, आणि थर वेगळे झाले की खालचा काढून घ्यायचा. मग पुन्हा हलवायचं. हे काम माझ्याइतकं चोख कोणी करत नव्हतं. खोटी नम्रता मला जमत नाही.

मग उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, आता नरसाळं विसरा. आमच्या प्रमुख मॅडमनी मला नमुने घेण्याच्या टेबलावर बसवायचं ठरवलं, म्हणजे आलेल्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी केमिस्ट आहे, चिठ्ठ्या चिकटवायला शिकले नव्हते. हेच काम आपोआप करणारं मशीन मिळतं, ते मागवा, असा मी लकडाच लावला.

मॅडम इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. मला नरसाळं धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "मशीनले काय समजते? थर फाटला का नाही, हे डोळ्यानं पाहा लागते."

"मॅडम, त्याच्यात थरच नसते," मी म्हटलं. "पाणी नळीतून ओढते, विष नळीतल्या भुकटीले चिकटते, मग द्रावकानं धुऊन काढते. हलवायची भानगडच नाही."

शेवटी मशीन आलं, पण चाचणीपुरतं. पास झालं तर ठेवायचं, नाही तर कंपनी परत नेणार आणि मी चिठ्ठ्यांच्या टेबलावर जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या खोलीत जागा नव्हती, म्हणून ते शेजारच्या एसीच्या बंद खोलीत बसवलं. मॅडमनी नारळ फोडला, कुंकू लावलं, भिंतीवर गणपतीचा फोटो टांगला.

पहिली परीक्षा कोऱ्या पाण्याची असते. अगदी शुद्ध पाणी घ्यायचं, नमुन्यासारखंच सगळं करायचं, आणि शेवटी काहीच सापडता कामा नये. आमच्या कोऱ्या पाण्यात विष सापडलं. नळ्या बदलल्या, द्रावकाची बाटली बदलली, सगळं धुतलं, तरी तेच. शेजारच्या जुन्या खोलीत आमच्या पोट्ट्या, म्हणजे हाताखालच्या तरुण पोरी, हातानं हलवत होत्या, त्यांचं कोरं पाणी स्वच्छ. कंपनीचा इंजिनिअर घाम पुसत म्हणाला, "दीदी, मशीन में कोई खराबी नहीं है. आपके रूम में ही कुछ है." मी त्याला झापलं. म्हटलं, पोरगा स्वतःचं पाप आमच्या खोलीवर ढकलतो.

त्यातच मॅडम भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या. आणि मशीन सुधारलं! कोरं पाणी स्वच्छ, रोज स्वच्छ. मी तर हवेतच होते. मॅडम परत आल्या, दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा घाण. पोट्ट्यांना चेष्टेला विषयच मिळाला. "मॅडम को देखके मशीन डर जाती है," म्हणून खिदळत होत्या. मी मात्र हसले नाही. मला वाटलं, मॅडमना हे मशीन नकोच आहे. मुद्दाम काही करतात की काय, इथपर्यंत माझं मन गेलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. एसीच्या खोलीचं दार ढकललं तर मॅडम गणपतीसमोर हात जोडून उभ्या, आणि फोटोखाली, मशीनच्या अगदी बाजूला, अगरबत्ती जळत होती. बंद खोली. धूर जागीच फिरत होता. द्रावकाच्या वासापुढं तिचा वास मला इतके दिवस कळलाच नव्हता. अगरबत्तीही अर्धवटच जळते, आणि आम्ही शोधत होतो तीच विषं त्या धुरात असतात. पुस्तकात वाचलेलं सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"मॅडम, तुम्ही हे रोज लावता?"

"हव. काहून?"

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता, तेही कबूल.  मॅडमनी अगरबत्ती विझवलीही नाही. स्वच्छ द्रावकाची एक वाटी तिच्याशेजारी ठेवली, दुसरी हातकामाच्या खोलीत, आणि दोन्ही स्वतः तपासायला लावल्या. दुपारी आलेख आले. धुराजवळच्या वाटीच्या आलेखात तेच डाग, आमच्या कोऱ्या पाण्यात यायची तीच टोकं, त्याच जागी. दुसरी वाटी कोरी.

मॅडम आलेखाकडे बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "मशीन पास व्हावी म्हणून लावत होती मी. तू त्या टेबलावर बसली असती तर मले पाहवलं नसतं."

 इतके दिवस जिच्यावर संशय घेतला, ती माझ्यासाठीच देवाला साकडं घालत होती. आणि तरीही, खरं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त अभिमान तिच्या वाटीचा वाटला. गणपतीचा नवस बाजूला ठेवून तिनं आधी प्रयोग केला. अशा बाईच्या हाताखाली मी शिकले.

गणपतीचा फोटो अगरबत्तीसकट गेटजवळ गेला. खोली धुऊन काढली, नव्या नळ्या उघडल्या, आणि कोरं पाणी कोरं आलं. मग कारखान्यांजवळच्या बीरगांवच्या एका बोअरिंगचं पाणी दोन भागांत केलं. अर्धं मशीनमध्ये मी टाकलं. अर्धं मॅडमनी पदर खोचून स्वतः हलवलं, कितीतरी वर्षांनी. दोन्हींचे आकडे जुळले. इंजिनिअरनं मला हात जोडले. झापल्याबद्दल मीही त्याला चहा पाजला.

मशीन आमचं झालं. पहिला अहवाल तयार झाला, त्यात एक रकाना असतो, नमुना कोणी तयार केला. एक पोट्टी म्हणाली, "दीदी, इसमें मशीन लिख दूँ?"

मॅडमनी तिच्या हातातला कागद ओढून माझ्यासमोर ठेवला. "मशीन सही करते का? काम तू करून राहिली. तू कर."

मी सही केली. जरा मोठीच केली.