चार बोटं कमी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळपईच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. "बाबा गेले गो," एवढंच मामेभाऊ अनंत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मुलांना धडा वाचायला सांगून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आठच दिवसांपूर्वी सर्वणला, मामांच्या गावी, मी त्यांच्या खाटेशी बसले होते. आयुष्यभर मनात ठेवलेली एक गोष्ट त्यांनी त्या दुपारी मला सांगितली होती, आणि एक काम सोपवलं होतं. ते काम मी रविवारी स्वतः जाऊन करणार होते... मामा गुरुवारीच गेले.

तरुणपणी मामा शिकारी होते. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीची ही गोष्ट. घरच्या सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, त्यांनी मारलेल्या मेरूची, म्हणजे सांबराची, तीन विती लांब शिंगं लावलेली असत. डिचोली-सत्तरीच्या रानात तीन विती म्हणजे मोठा मान. तिकडे पेडण्यात काजूच्या डोंगरांवर भेकराशिवाय फारसं काही मिळत नसे, तर तिथले शिकारी बोटभर शिंगही पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. ज्याचं त्याचं रान, ज्याचं त्याचं माप. मामींचे भाऊ यशवंतराव खानापूरकडचे. बहिणीचा संसार बघायला ते पहिल्यांदा आले आणि भिंतीकडे बघून हसले. "दाजी, ही शिंगं भिंतीला लावायची व्हय? आमच्याकडं पाच वितीच्या खालचं कोण मोजत न्हाई." चार माणसांसमोर बोललेलं ते मामांच्या फार जिव्हारी लागलं.

"अगो बाय, घाटावरचा रान सागाचा, मोकळा," मामा मला सांगत होते, आणि बोलताना त्यांना धाप लागत होती. "थंय शिंगां पसरतत. आमच्या रानात वेलीच वेली. एवढी शिंगां घेऊन मेरू चलतलो खयसून? रान जसा, तशी शिंगां... ह्या माका तेव्हाच कळत होता. तरी गेलंय."

ते बंदूक घेऊन मेव्हण्याच्या रानात गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना हवा तसा नर दिसला. गोळी लागली, पण वर्मी लागली नाही. रक्ताच्या थेंबांवरून मामा एकटेच दुपारपर्यंत त्याच्या मागे चालले. एका ओहोळात तो पडला होता, कोसळताना पुढचे पाय मोडलेले, जिवंत. मामांजवळचं शेवटचं काडतूस वाटेतच वाया गेलं होतं. कोयता चालवायला हात होईना. ते त्याच्यापाशी बसून राहिले. "माझ्याकडेच बघी होतो गो," मामा म्हणाले. ऊन कललं तेव्हा त्याचा श्वास संपला. मग माणसं घेऊन यशवंतराव आले. त्यांनी जनावराकडे, मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. शिंगावर वीत टाकत शेवटाला पोचले आणि हसत म्हणाले, "दाजी, चार बोटं कमी पडलं बघा."

मामांचा तोल गेला. नको ते बोलले. तुझ्या उंबऱ्याला मी पाय लावणार नाही, माझी बायकोही लावणार नाही, असं म्हणून शिंगं तिथंच टाकून ते घाट उतरले. त्यानंतर त्यांनी बंदूक कधी हातात धरली नाही. कायदा आल्यावर घरातली शिंगंही स्वतः नेऊन वनखात्याच्या हवाली केली. लोकांनी त्यांचं कौतुक केलं. पण बोललेला शब्द मात्र त्यांनी मागे घेतला नाही. मामींची आई वारली तेव्हा मामी परसात जाऊन रडल्या. मला पाठवा, असं म्हणाल्या नाहीत. "आनी मियां जा म्हटलंय नाय," मामा म्हणाले. मामी वारल्यालाही आता सहा वर्षं झाली. "यशवंताक सांग, चूक माझी. तेच्या हसण्यापेक्षा माझो हट्ट मोठो होतो."

तो निरोप मी मामा गेल्यावर फोनवर सांगितला. बारावं कधी, एवढंच यशवंतरावांनी विचारलं.

बाराव्या दिवशी ते आले. नव्वदीला टेकलेले, नातसुनेचा हात धरून. मामींच्या तसबिरीसमोर त्यांनी हात जोडले. मग ते मला म्हणाले, "मलाबी वाटायचं, यावं. पर दाजींनीच बोलवावं म्हणून बसलो बघ..." जेवणं झाल्यावर ते घरात थांबेनात, म्हणून मी त्यांना मागच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, घेऊन गेले. तिथं पोफळींच्या रांगा संपतात त्या टोकाला पाण्याची एक दगडी दोण आहे. उन्हाळ्यात रानातून कोणतं ना कोणतं जनावर पाण्याला उतरून येतं, म्हणून मामा रोज दुपारी ती भरून ठेवत. ते अंथरुणाला खिळल्यापासून ती कोरडी पडली होती, तळाला सुकलेली पानं. मी हे सांगितलं, तसे यशवंतराव विहिरीकडे वळले. नको म्हटलं तरी ऐकेनात. भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून ते निघाले. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. दोणीपाशी आल्यावर त्यांनी वाकून आधी पानं काढली, मग उरलेलं पाणी ओतलं, आणि रिकामी बादली घेऊन पुन्हा विहिरीकडे चालू लागले.