तिसऱ्या सिंफनीतली सम

आज जुना स्पीकर तापून तोच धुळकट वास आला आणि मी मनाने इंद्रलोक सोसायटीतल्या आमच्या जुन्या घरात बाबांशेजारी जाऊन बसले. एस्टोनियाचा एक अनोळखी संगीतकार आम्हाला नुकता सापडला होता. त्याच्या सिंफनी ऐकून आम्ही त्यांना आवडीप्रमाणे नंबर देत होतो. बाबा तबला शिकलेले. मांडीवर ताल धरून ते प्रत्येक सिंफनीत सम शोधायचे आणि हुकायचे. तिसरीत मात्र नगारे दणाणले आणि त्यांचा हात नेमका तेव्हाच पडला.

“आली! सम आली!” ते उठून उभेच राहिले. “हिचा पहिला नंबर!”

“बाबा, त्यांच्यात सम नसते हो!”

“मग ही काय आली?”

आता मला दुसरी जास्त आवडते. तरी आज तिसरीच लावली. नगारे जवळ आले, माझा हात आपोआप मांडीवर पडला, आणि रिकाम्या घरात मी ओरडले, “आली, बाबा!”